खेळणाऱ्याची बोटं, ॲनिमेटरचा हात

वरळी कोळीवाड्यात जाळं विणणारे हात अजून दिसतात, म्हणून आज हातांबद्दलच बोलतो.

व्हिडिओ गेममधलं पात्र खेळणाऱ्याच्या बोटांवर धावतं. सिनेमात ती बोटं नसतात. मग पात्राची इच्छा आणायची कुठून? ती ॲनिमेटर घालतो. उडीआधी अंग दबतं, बोलण्याआधी नजर वळते. (आम्ही तत्त्वज्ञानवाले इच्छास्वातंत्र्यावर नुसतेच बोलत राहिलो, आणि पगार मात्र वेळेवर घेतला!)

२००१ साली 'फायनल फँटसी' गेमवरून सिनेमा आला. नायिकेचे सुमारे ६०,००० केस संगणकावर हलवले होते. सिनेमा पडला, आणि होनोलुलूतला स्टुडिओ पुढच्या वर्षी बंद झाला.

पण पडला तरच असं होतं का? 'सॉनिक' बघा. १९९१ चा सेगाचा गेम. एप्रिल २०१९ मध्ये सिनेमाचं ट्रेलर आलं आणि त्या माणसासारख्या दातांवर लोक तुटून पडले. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलायचं कबूल केलं. टायसन हेस यांच्या देखरेखीखाली डोळे मोठे झाले, हातमोजे आले. प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं. मधल्या डिसेंबरात, ज्या एमपीसी कंपनीनं हे काम केलं, तिचा व्हँकूवरचा स्टुडिओ बंद झाला. दुसरीकडे जास्त परवडतं, असं कारण दिलं गेलं. सिनेमानं जगभरात ३० कोटी डॉलरहून अधिक कमावले.

१९८२ नंतर गिरणीच्या बंद फाटकाशी उभं राहिलेलं कुणी इथं बसलं असेल, तर त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.