टोपॉसचे मूळ आणि टोपॉसचे लक्षण

'टोपॉस' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकास कुर्टियसमुळे परिचित आहे. तेथे तो परंपरेने हाती दिलेल्या कल्पनाबंधाचा वाचक आहे. गणितातील टोपॉसशी त्याचे नाते 'स्थान' या ग्रीक अर्थापुरतेच. तरीही या दुसऱ्या टोपॉसच्या इतिहासात काव्यशास्त्राच्या वाचकास ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न आहे: व्याख्या उत्पत्तीवरून करावी की लक्षणांवरून?

पॅरिसजवळ १९६३-६४ मध्ये भरलेल्या चर्चासत्रात अलेक्झांडर ग्रोथेन्डीक यांनी टोपॉस मांडला तो उत्पत्तीवरून. एखाद्या पायावर विखुरलेली माहिती सुसंगतपणे सांधणाऱ्या 'शीफ' नामक वस्तूंचे विश्व म्हणजे टोपॉस. अडचण अशी की, भिन्न पायांवरही तेच विश्व उभे राहू शकते. ज्याँ जिरो यांनी पायाचा उल्लेख वगळून त्या विश्वाचे अंगभूत गुण सांगितले: बेरजेतील घटक परस्परांत मिसळू नयेत, समतुल्यतेने केलेली विभागणी खरी ठरावी, इत्यादी. हे गुण असलेले प्रत्येक विश्व शीफांचेच असते, हेही सिद्ध झाले. अव्याप्ती नाही, अतिव्याप्तीही नाही; ऋषी ओळखला गेला, आणि कूळ विचारावे लागले नाही! पुढे लॉवीर आणि टिअर्नी यांनी १९६९-७० मध्ये हॅलिफॅक्स येथे याहून मोजकी व जाणूनबुजून अधिक व्यापक गृहीतके दिली. सांत संचांचे विश्वही त्यांत बसते.

खरी कसोटी 'उच्च' टोपॉसची. दोन मणी दोन धाग्यांनी जोडले आणि धागा म्हणजे 'हे दोन एकच' असे मानले, तर संचांच्या जगात एकच बिंदू उरतो. मधली पोकळी हरवते. प्रत्येक मण्यावर दोन रंग ठेवून एका धाग्याने ते सरळ व दुसऱ्याने उलट जुळवले, तर रंगांचे द्वैतही मिटते. उच्च विश्वात मात्र दोन वस्तू 'कोणकोणत्या प्रकारे' एक आहेत याची नोंद राहते, म्हणून पोकळीही टिकते आणि पीळ पडलेली ती रंगजोडीही. सांधताना काहीच न हरवणे, ही चार्ल्स रेझ्क यांनी पुढे आणलेली अट आम्हांस जिरोंच्या यादीपेक्षा अधिक सुंदर वाटते. जेकब लुरी यांच्या २००९ च्या ग्रंथात लक्षणांची ही मांडणी सविस्तर आली. मात्र येथे शीफांची जुनी व्याख्या जशीच्या तशी पुरत नाही. दिलेल्या पायावर उच्च टोपॉस घडवण्याच्या साऱ्याच रीती शीफांच्या अटींतून निघत नाहीत. अव्याप्तीचा दोष आता उत्पत्तीच्या पदरी आला.

लॉवीर-टिअर्नी यांच्या धर्तीवर उच्च टोपॉसचीही मोजकी गृहीतके मायकेल शुलमन यांनी २०१७ मध्ये व निमा रसेख यांनी २०१८ मध्ये सुचवली.