जपानी मुलांचे भुंगेरे

जपानमध्ये मुलांना भुंगेऱ्यांची ओळख वर्गापेक्षा घराच्या आसपास अधिक झाली. पण कीटकांच्या अभ्यासाला चालना मिळाली ती शेतीच्या गरजेतून. यासुशी नावा यांनी १८९६ मध्ये गिफू येथे कीटक संशोधन संस्था काढली, तेव्हा पिकांवरची कीड हाच मुख्य प्रश्न होता. कुतूहलाला वेगळे वळण दिले ते ज्याँ-आंरी फाब्र यांच्या लेखनाने. या फ्रेंच निरीक्षकाने १८७९ पासून आपल्या घराभोवतीच्या पडीक जमिनीत शेणकिडे आणि गांधीलमाश्या न्याहाळल्या. कीटकांवरील त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा साकाए ओसुगी यांनी केलेला जपानी अनुवाद १९२२ मध्ये आला. आजही फाब्र जपानी मुलांना जितके परिचित आहेत, तितके क्वचितच इतरत्र असतील.

मुलांचा सर्वांत लाडका भुंगेरा म्हणजे काबुतोमुशी. कोकणात माड पोखरणारा गेंड्या भुंगा त्याचा नातेवाईक. काबुतोमुशीची मादी उन्हाळ्यात कुजलेल्या पाल्यात अंडी घालते. अळी तो पाला खात हिवाळा काढते, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कोषात जाते आणि साधारण जुलैत शिंगवाला नर किंवा बिनशिंगाची मादी बाहेर पडते. पालापाचोळा भरलेल्या डब्यात हे सगळे चक्र घरीच पाहता येते. सुट्टीतल्या स्वाध्यायासाठी याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही.

हे भुंगेरे गावाजवळच्या ओकच्या राईत मुबलक असत. सरपणासाठी झाडे छाटली जात, पाला खतासाठी साठवला जाई आणि त्या ढिगांत अळ्या वाढत. गॅस आणि रासायनिक खते आल्यावर या राया दुर्लक्षित झाल्या. शहरी मुले दुकानातून भुंगेरे विकत आणू लागली. १९९९ पासून परदेशी भुंगेऱ्यांच्या आयातीलाही वाट मोकळी झाली. विकतच्या भुंगेऱ्याची वाढ पाहता येते, पण तो कोणत्या झाडावर, कोणत्या वेळी येतो हे कळत नाही; आणि खरे शिक्षण तिथेच आहे.

साइतामा प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेतील मुलाने ते दाखवून दिले. काबुतोमुशी एरवी निशाचर. मात्र घरच्या अंगणात लावलेल्या ॲश कुळातील झाडावर ते दिवसाही रस पीत बसतात, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने भुंगेऱ्यांवर खुणा करून दोन उन्हाळे नोंदी ठेवल्या. यामागुची विद्यापीठाचे वातारू कोजिमा यांच्यासह लिहिलेला त्याचा निबंध २०२१ मध्ये ‘इकॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला.