तंतुकणिका रोगांतील स्वायत्त तंत्रिका तंत्राचे विकार

हृदयगती, रक्तदाब, आतड्यांची हालचाल, स्वेदन इ. अनैच्छिक क्रियांचे नियमन करणाऱ्या तंत्रिका तंत्राच्या विभागाला स्वायत्त तंत्रिका तंत्र हे नाव ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जे. एन. लँग्ली यांनी १८९८ मध्ये दिले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल बेंडा यांनी कोशिकेतील सूत्रवत् कणांना मायटोकाँड्रिया म्हणजे तंतुकणिका हे नाव दिले. हा निव्वळ योगायोग होय. दोहोंचा रोगातील संबंध लक्षात येण्यास कित्येक दशके लागली.

स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एका स्त्रीरुग्णाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तिला लहानपणापासून अतोनात घाम येई, उष्णता सोसत नसे आणि पुष्कळ खाऊनही ती कृश राही. मूलभूत चयापचयाची त्वरा अपेक्षेच्या जवळजवळ तिप्पट होती. परंतु अवटू ग्रंथीचे कार्य प्राकृत होते. दोष निघाला तो स्नायूंतील तंतुकणिकांत. तेथे ऑक्सिडीकरणाने मुक्त होणारी ऊर्जा एटीपीच्या रूपात पुरेशी न साठता उष्णता म्हणून वाया जात होती. तिचा घाम हा स्वायत्त तंत्रिकांचा बिघाड नव्हता, तर त्या आपले काम चोख करीत असल्याचे लक्षण होते. लक्षणावरून तंत्रिकेवर दोषारोप करता येत नाही, हा धडा या पहिल्याच रुग्णाने दिला. पुढे तो नेहमीच पाळला गेला असे नाही.

तंतुकणिकांत डीएनए असल्याचे १९६३ मध्ये व मानवी तंतुकणिकेतील त्याचा १६,५६९ आधारक-जोड्यांचा संपूर्ण क्रम १९८१ मध्ये ज्ञात झाला. त्यातील दोषांमुळे रोग होतात, हे १९८८ मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनी दाखविले. सर्व दोष मात्र या डीएनएतच असतात असे नाही. पचनमार्ग व तंत्रिका या दोहोंना ग्रासणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ कोशिकाकेंद्रातील, थायमिडीन फॉस्फोरिलेज या एंझाइमाच्या जीनमध्ये असल्याचे १९९९ मध्ये आढळले. यातील रुग्णांची आतडी मंदावतात, उलट्या होतात, वजन घटते. अनेकांवर मानसिक अन्नद्वेषाचा शिक्का बसला. काहींची पोटे अडथळ्याच्या शोधात निष्कारण उघडली गेली. येथेही सारा दोष तंत्रिकांचा नसतो. आतड्याच्या भित्तीतील स्नायूच्या बाह्य थरात तंतुकणिकीय डीएनए घटल्याचे दिसून आले आहे.

तथापि स्वायत्त तंत्रिकांनाही इजा होते. लांब, बारीक तंतूंना आयनांच्या वहनासाठी एटीपीचा अखंड पुरवठा लागतो व तो तुटल्यास उभे राहताच रक्तदाब घसरून घेरी येणे, घामाचे प्रमाण बिघडणे इ. लक्षणे उद्‌भवतात. दीर्घ श्वसनातील हृदयगतीचा फरक, उभे राहिल्यावरचा रक्तदाब व स्वेदन तपासून तंत्रिकांचा वाटा ठरवितात. केवळ रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. १९९० मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलेल्या एका सुपरिचित दोषाचे रक्तातील प्रमाण वयानुसार घटत जाते, त्यामुळे मूत्रातील कोशिका किंवा स्नायू तपासावा लागतो. मूळ रोगावर बहुधा उपाय नसला, तरी मीठ-पाण्याचे योग्य प्रमाण, पायांना घट्ट मोजे व रक्तदाब सावरणारी औषधे यांनी रुग्णाचे उभे राहणे सुसह्य होते.