वर्दी आणि तिची दखल



आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात. तेव्हा संगणकावरील हल्ल्यांचा इतिहास सांगावयास आम्ही कोण, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. आमचे उत्तर एवढेच की, या इतिहासात यंत्राचा भाग थोडा आहे आणि माणसांचा पुष्कळ आहे. आणि माणसे कामाच्या जागी कशी वागतात हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

आग लागली म्हणजे बंबखान्याला वर्दी जाते. संगणकाच्या जगातही वर्दी असते. चोर कोणत्या भोकातून शिरतो, कोणती हत्यारे वापरतो, कोणावर त्याचा डोळा आहे, ही माहिती गोळा करावयाची, पारखावयाची आणि ज्याच्यावर संकट यावयाचे त्याला वेळेवर पोचवावयाची, हा आज एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे.

त्याचे मूळ १९८८ सालात सापडते. त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम हजारो संगणकांत पसरला आणि ती यंत्रे ठप्प झाली. हा कीडा कसा थांबवावा याची सूचना त्याच्या एका मित्राने त्याच रात्री पाठविली होती. पण ज्या तारांवरून ती जावयाची त्याच तुंबलेल्या! वर्दी निघाली, पण वेळेवर पोचली नाही. त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा वर्द्या घेणारे आणि देणारे पहिले केंद्र स्थापन झाले. पुढे देशोदेशी तशी केंद्रे निघाली. आपल्याकडील सर्ट-इन हे केंद्र २००४ सालापासून काम करीत आहे.

वर्दी पोचण्याची सोय झाली. मग प्रश्न सुटला काय? याचे उत्तर २०१७ सालाने दिले.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज प्रणालीतील एका भोकाची माहिती जाहीर केली आणि ते बुजविण्याचे ठिगळही फुकट दिले. हे भोक अमेरिकेच्या एका सरकारी गुप्त संस्थेला पूर्वीच ठाऊक होते आणि तिने ते हत्यार म्हणून झाकून ठेवले होते, असा दोष पुढे त्याच कंपनीच्या अध्यक्षांनी उघडपणे दिला. १४ एप्रिलला ते हत्यार चोरांनी चव्हाट्यावर मांडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील संगणक विभागाने मार्च आणि एप्रिलमध्ये आपल्या रुग्णालयांना ठिगळ लावा म्हणून निकडीच्या सूचना धाडल्या होत्या. ठिगळ आल्यापासून ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कीडा सुटला. इंग्लंडमधील २३६ रुग्णालयसंस्थांपैकी निदान ८१ संस्थांना त्याची झळ लागली. अंदाजे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या. काही ठिकाणी अपघाती रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयाची वाट धरावी लागली.

पुढे तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने चौकशी केली. तिच्यात आढळले ते असे, की सूचना पाळली गेली की नाही हे तपासण्याची कोणतीही पक्की व्यवस्था वरच्या खात्याकडे नव्हती. बहिर्जी नाईकाचे नाव घेतले म्हणजे आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण हेराने आणलेली बातमी ऐकून घोड्यावर खोगीर चढविणाराही लागतोच ना?

हे वाचताना आम्हांला आमच्या तरुणपणीचा एक कारखाना आठवला. क्रेनचा दोर तुटत आला आहे, असे एका कामगाराने पाळीच्या वहीत लिहून सही केली. तिसऱ्या दिवशी दोर तुटला आणि एका फिटरचा पाय गेला. चौकशीत वही निघाली. नोंद स्वच्छ अक्षरात होती. फक्त ती कोणी वाचली नव्हती.

बरे, मे महिन्याच्या फटक्याने तरी जग शहाणे झाले काय? ४६ दिवसांनी, २७ जूनला, युक्रेनमधील एका करहिशेबाच्या कार्यक्रमातून ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा कीडा सुटला. त्याने तेच भोक वापरले आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी ठिगळ लावलेली यंत्रेही गाठली. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्याची लाट आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत आली. तेथील या कंपनीच्या टर्मिनलवर कोणता माल कोणाचा हे यंत्रावरून कळेना, आणि कामाला माणसांचे हात व कागद लावावे लागले.

यात एक समाधानाची गोष्टही आहे. मे महिन्यातला कीडा एका तरुण इंग्रज संशोधकाने त्याच दिवशी रोखला. कीडा एक बेवारस पत्ता सारखा शोधतो आहे हे त्याने पाहिले आणि शत्रूच्या हालचाली टिपण्याच्या आपल्या नित्याच्या रीतीने तो पत्ता थोड्या डॉलरांत स्वतःच्या नावे नोंदविला. पत्ता सापडताच कीडा थंडावला. रोज इमानेइतबारे चाललेल्या टेहळणीचे हे फळ होय.

या इतिहासावरून आमच्या ध्यानात येते ते असे. वर्दी झाकून ठेवली तर ती चोराच्या कामी येते. वाटली पण कोणावर जबाबदारी टाकली नाही, तर ती वहीत पडून राहते. आणि तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. संशयास्पद पत्र प्रथम दिसते ते मेजावरच्या कारकुनाला. आपल्या सरकारच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटनेची खबर सहा तासांत सर्ट-इनला द्यावयाची असते. पण चुकून कळ दाबणाऱ्या कारकुनाला नोकरी जाण्याची भीती असेल, तर तो सहा तास काय, सहा दिवसही तोंड उघडणार नाही. जो खरे सांगतो त्याला शिक्षा नाही, असे ज्या कचेरीत ठरलेले असते, तेथे वर्दी सर्वांत आधी पोचते.

म्हणून उद्या आपल्या कचेरीत, पतपेढीत, रुग्णालयात गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा: मागच्या महिन्यात आलेली सूचना कोणी वाचली, आणि तिच्यापुढे सही कोणाची आहे?