सुपरमॅनला कोणी बिघडवलं?

काल आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सुपरमॅनलाही आता गे केलं, मुलांना कॉमिक्स देऊ नका. खाली धडाधड अंगठे. बातमी २०२१ची आणि अर्धवट. क्लार्क केंट नव्हे, त्याचा मुलगा जॉन केंट बायसेक्शुअल दाखवला. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

ही भीती सत्तर वर्षं जुनी आहे. १९५४ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहिलं. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, हा मुद्दा. बॅटमॅन-रॉबिनचं एकत्र राहणं म्हणजे दोन समलिंगी पुरुषांचं स्वप्नच, असंही त्यात मांडलं. आज विद्यापीठांत सुपरहिरोंचं 'क्वीअर वाचन' होतं, पण ते पहिल्यांदा गाजलं ते आरोप म्हणून. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी 'कॉमिक्स कोड' आणला. अशा संबंधांची नुसती सूचनाही बंद. १९५६मध्ये बॅटवूमन आली. म्हणजे बॅटमॅनला मुलगी दाखवली, आपल्याकडे दाखवतात तशी!

त्याच १९५६ साली आपल्या संसदेनेही लहान मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. गुन्हे, क्रौर्य, किळसवाणे प्रसंग असलेली चित्रकथांची पुस्तकं विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. समलिंगी संबंधांचा वेगळा उल्लेख नाही. गरजच काय, ३७७ कलम इंग्रजांनी देऊन ठेवलेलंच होतं.

वर्थम यांची कागदपत्रं २०१०मध्ये खुली झाली. कॅरल टिली या अभ्यासक बाईंनी ती तपासली, तर बऱ्याच ठिकाणी फेरफार. एकमेकांवर प्रेम करणारी दोन मुलं होती, पुस्तकात त्यांचा एकच मुलगा केला. शिवाय त्या दोघांना बॅटमॅनपेक्षा टारझन आणि सबमरिनर जास्त आवडायचे, ते गाळलं. पुराव्याची ही तऱ्हा. तरी कोड टिकला. तो सैल झाल्यावर १९९२मध्ये मार्व्हलच्या नॉर्थस्टारने आपण गे असल्याचं उघड सांगितलं.

आता आमच्याकडचं. आम्ही वाढलो टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सवर. ती १९६४ला सुरू झाली, १९९०ला बंद पडली, पण रद्दीवाल्याकडे पुढे कितीतरी वर्षं मिळायची. मी वेताळवाला. शाळेतला माझा एक मित्र (विचारून लिहितोय) मँड्रेकवाला. जादू आवडत असेल, असं मला वाटायचं. २०१८च्या सप्टेंबरात ३७७चा निकाल लागला, त्या रात्री त्याचा फोन आला. खूप वेळ बोलला. मँड्रेक आणि लोथार एका घरात राहायचे आणि लग्नाचं काय म्हणून कोणी विचारायला यायचं नाही, ते घर त्याला हवं होतं. मँड्रेकची नार्दा होती की, मी म्हटलं. तो म्हणाला, होती ना, पण ती आपली येऊन-जाऊन. (लोथारला ज्या नजरेने रंगवलाय त्यावर वेगळी पोस्ट होईल.)

त्यालाही घरच्यांनी मुलगी दाखवली होती. लग्न झालं, दीड वर्षात मोडलं. त्यात त्या मुलीची काय चूक होती, हे तो अजून विचारतो.

इतकी वर्षं बरोबर वाचत होतो आणि मला काही दिसलं नाही. मुखवटा, दोन नावं, घरच्यांपासून लपवलेली ओळख, सगळं पानोपानी होतं.

फॉरवर्ड टाकणारे काका त्याला लहानपणापासून ओळखतात. त्याची आईही त्या ग्रुपवर आहे. तिने मेसेज वाचला असेलच. अंगठा दिलेला नाही.