कार्टेलची बादली

ज्युलिओ कास्तेल्ली हे रसायन-अभियंते. मिलानमध्ये ज्युलिओ नात्ता यांच्या हाताखाली ते शिकले. १९४९ मध्ये त्यांनी कार्टेल ही कंपनी काढली. पहिला माल होता मोटारीच्या टपावर स्की बांधायची चौकट. घरगुती वस्तू १९५३ पासून निघू लागल्या, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

घरोघरी तेव्हा पत्र्याच्या बादल्या होत्या. जड, गंजणाऱ्या, आदळल्या की घर दणाणून सोडणाऱ्या. कार्टेलच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख जिनो कोलोंबिनी यांनी पॉलिथिलीनची झाकणाची गोल बादली काढली. प्लास्टिकच्या धंद्यात सगळा जीव साच्यात असतो. पोलादी साचा महाग. तो एकदा तयार झाला की कडेची जाडी किंवा कडीची जागा बदलणे परवडत नाही. म्हणून डोके आधीच चालवावे लागते. कोलोंबिनींनी ते बादलीसाठी चालवले. १९५५ मध्ये या बादलीला ‘कोम्पासो द’ओरो’ हा इटलीतला मानाचा पुरस्कार मिळाला. धुण्या-पुसण्याच्या वस्तूचा असा सन्मान झाला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

इकडे कास्तेल्लींचे गुरू नात्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन तयार केले होते. १९६३ चे नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळाले. आपल्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या याच पॉलिप्रॉपिलीनच्या.

ज्युलिओंच्या पत्नी आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी वास्तुविशारद. १९६७ मध्ये त्यांनी एकावर एक बसणारे गोल कप्पे आखले. जोडायला ना स्क्रू, ना बिजागरी. दाराला मूठही नाही, नुसते बोट घालायचे गोल भोक. त्यात बोट घातले की दार कप्प्याच्या गोलाईवरून सरकते. हव्या त्या उंचीचे कपाट घरच्या घरी रचता येते. हे कप्पे अजूनही विकले जातात.

१९८८ मध्ये जावई क्लाउदिओ लुती यांनी कारभार हाती घेतला. ते व्हर्साचेच्या कंपनीतून आलेले, म्हणजे फॅशनच्या जगातले. २००२ मध्ये डिझायनर फिलिप स्टार्क यांनी कार्टेलसाठी आखलेली ‘लुई घोस्ट’ ही पारदर्शक पॉलिकार्बोनेटची खुर्ची आली आणि जगभर गाजली. एकाच साच्यातून एवढी मोठी, आरपार खुर्ची काढणे हे कसबाचे काम. पण ती साध्या घराच्या आवाक्यातली नव्हे. या कंपनीचे मोठेपण मला कोलोंबिनींनी तिच्यासाठी काढलेल्या टबात आणि लिंबू पिळण्याच्या भांड्यात अधिक दिसते.