भिंतीआडच्या वायरींचा इतिहास

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या स्मरणिकेत कुणी गणेशोत्सवावर लिहील, कुणी बागेवर. मी लिहितोय वायरिंगवर. मी इंजिनिअर नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण मोठ्या दुरुस्तीचा विषय सभेपुढे यायचा आहे, म्हणून हा प्रपंच.

वायरमधून वीज गेली की वायर तापते. किती तापते, याचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडला. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट! पुढे इंग्लंडमध्ये विजेचे दिवे आले आणि त्यांच्याबरोबर आगीची धास्तीही आली. १८८२ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे नियम छापले, ते आगी टाळण्यासाठीच. त्याच वर्षी फिनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीनेही आपले नियम काढले. नुकसानभरपाई ज्याला द्यायची, तो आधी सावध होणारच!

मुंबईत १९०५ साली वाडीबंदरला वीजकेंद्र सुरू झालं. घरांत वायरी लाकडी केसिंग-कॅपिंगमधून, नाहीतर लाकडी पट्टीवर क्लिपा मारून जात. माझ्या पिढीने त्या पाहिल्या आहेत. दिसायला ओबडधोबड, पण पट्टीवरच्या वायरीला मोकळी हवा मिळे आणि काळा डाग पडला तर लगेच दिसे. नंतर पाइप भिंतीत गेले. भिंती देखण्या झाल्या, पण वायरी नजरेआड झाल्या आणि त्यांची उष्णताही आतच कोंडली.

इथे मला बँकेतलं ‘ड्रॉइंग पॉवर’ आठवतं. कॅश क्रेडिटचं लिमिट कितीही मंजूर असो, मालातून मार्जिन वजा केल्यावर उरेल तेवढीच रक्कम उचलता येते. वायरीचंही तसंच. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर भिंतीतल्या पाइपात एकटं सर्किट असताना, भोवतालचं तापमान ३० अंश धरून, २४ अँपिअर वाहते. हे झालं लिमिट. उन्हाळ्यात भिंतीचं तापमान ४० अंशांवर गेलं की ०.८७ ने गुणायचं, उरतात सुमारे २१. त्याच पाइपात तीन सर्किटं भरलेली असतील तर आणखी ०.७० ने गुणायचं. हाती राहतात साडेचौदा! आणि बोर्डात एमसीबी १६ अँपिअरचा. म्हणजे १५ अँपिअर सतत वाहत राहिले तर वायर तापत राहील आणि एमसीबी ढिम्म हलणार नाही. त्याला करंट कळतो, पाइपातली गर्दी कळत नाही. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. त्यावर रोज तापलं की कडक होतं, तडकतं, आणि पुढचं सांगायला नको.

आता आपल्या इमारती पाहा. पंचवीस वर्षांपूर्वी दिवे, पंखे, फ्रिज आणि एखादा गीझर एवढाच हिशेब होता. आज बहुतेक घरांत एक-दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आहेत. नवी वायर टाकताना वायरमन म्हणतो, “काका, पाइपात जागा आहे, ओढून घेतो.” जागा असेलही, पण प्रश्न उष्णतेचा आहे. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे स्टॉक न तपासता लिमिट वाढवणं.

म्हणून सभासदांना तीन विनंत्या. एसी आणि गीझरला स्वतंत्र सर्किट घ्या, शक्यतो स्वतंत्र पाइपातून. ते जमत नसेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर पुरेल का, हे हिशेब करून ठरवा. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक पाइपात किती सर्किटं आहेत ते मोजून, लिहून घ्या. आणि दुरुस्तीची कोटेशनं येतील तेव्हा सर्किटांची संख्या, वायरीची जाडी आणि एमसीबीचं रेटिंग एका तक्त्यात मागा. रंगाचा खर्च सगळ्यांना दिसतो, वायरिंगचा दिसत नाही, म्हणून सभेत कात्री आधी त्यालाच लागते. ती या वेळी लागू नये.